रविवार मिळाला, साचा मिळाला नाही

१८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. सभा बोलावणारे नारायण मेघाजी लोखंडे तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. ठाण्यात वाढलेला हा माणूस जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा कार्यकर्ता होता आणि मुंबईत ‘दीनबंधु’ चालवत होता. त्याआधी रेल्वेत, टपाल खात्यात आणि एका गिरणीतही त्यांनी नोकरी केली होती, त्यामुळे गिरणीचा दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवायच्या मागण्या त्या सभेत ठरल्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. महिन्याचा पगार उशिरात उशिरा पुढच्या १५ तारखेला. यंत्रात सापडून जायबंदी झालेल्याला भरपाई. साडेपाच हजार कामगारांच्या वतीने हा अर्ज गेला.

आज या मागण्या वाचताना त्या किती थोड्या होत्या हे आधी जाणवते. पण १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या होत्या त्या फक्त मुलांना. मोठ्या माणसांसाठी कायद्यात काहीच नव्हते. गिरणी उजेडाला सुरू व्हायची आणि उजेड संपला की थांबायची, म्हणजे उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबायचे. मालकांचे म्हणणे असे की हिंदू आणि मुसलमान यांचे सण काय थोडे आहेत? दिवाळी, होळी, मोहरम या दिवशी गिरण्या बंदच असतात, मग वेगळ्या साप्ताहिक सुट्टीची गरज काय? या म्हणण्यात अर्धे खरे होते. सणाला गिरणी बंद असे. पण सण सारख्या अंतराने येत नाहीत. कधी एका महिन्यात तीन येतात, कधी दोन महिन्यांत एकही नाही. शिवाय गिरणी बंद म्हणजे कामगार मोकळा असेही नव्हते. यंत्रे पुसायला, तेलपाणी करायला त्याला बंदीच्या दिवशीही बोलावले जाई.

रविवारच का, हा प्रश्न साधा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांचे मालक पारशी, भाटिया, खोजे, बगदादी ज्यू. त्यांच्यापैकी कोणाच्याही धर्मात रविवारला विशेष स्थान नाही. रविवार होता सरकारी कचेऱ्यांचा, म्हणजे ख्रिस्ती राज्यकर्त्यांचा. लँकेशायरचे गिरणीवाले आणि त्यांच्या बाजूने बोलणारे लोकही मुंबईच्या कामगाराला सुट्टी मिळावी म्हणत होते आणि त्यामागे मुंबईचा माल महाग व्हावा हा हेतू असल्याचे इथले मालक उघड बोलत. अशा वेळी रविवार मागणारा माणूस सहज परक्यांचा हस्तक ठरला असता. लोखंड्यांच्या बाजूने उत्तर आले ते जेजुरीचे. रविवार हा खंडोबाचा वार. पुणे, सातारा, अहमदनगर भागातून आलेल्या मराठा, कुणबी, माळी, धनगर कामगाराच्या घरी देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक असे आणि रविवारी त्याची तळी भरली जाई. सात दिवसांतला एक दिवस कुलदैवतासाठी आणि आपल्या माणसांसाठी हवा, हे म्हणणे घाटावरच्या कोणालाही पटणारे होते. विलायतेतून आलेला वार त्यामुळे आपला झाला.

ही मागणी सहा वर्षे लोंबकळली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या, ही गोष्ट मला मागणीइतकीच मोठी वाटते. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या नव्या फॅक्टरी कमिशनला मुंबईत साहाय्य करायला खुद्द लोखंड्यांना घेण्यात आले आणि १८९१ च्या कायद्यात रविवारची सुट्टी आली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे गेले. आजही मुंबईतला माणूस रविवारी उशिरा उठतो तो त्यांच्या पुण्याईवर.

आठवड्याचा वार ठरवणे म्हणजे काय, हे कळायला दुसरे एक उदाहरण तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले आहे. तिथले बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. घाणा स्वतःचा होता, तोवर शब्बाथ पाळायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पुढे ही माणसे मुंबईत आली, पलटणीत, कचेऱ्यांत, कारखान्यांत नोकरीला लागली. मांडवीजवळ सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेले सिनेगॉग होते, प्रार्थना होत होती, पण शनिवारी हजेरीचा पट उघडाच असे. चाकरीत गेलेल्या अल्पसंख्याकाचा पवित्र दिवस मालकाच्या घड्याळापुढे टिकत नाही. लोखंड्यांचा रविवार टिकला, कारण तो बहुसंख्य कामगारांच्या देवाचाही होता आणि सरकारच्या देवाचाही.

म्हणजे मुंबईच्या गिरणीला धर्म कळत होता. सणाला भोंगा गप्प बसे. खंडोबासाठी आठवड्यातून एकदा तो गप्प बसू लागला. मालक, कामगार आणि सरकार या तिघांनी मिळून कामाच्या दिवसांत देवाला जागा करून दिली. हे सगळे लक्षात ठेवून आता गिरणीच्या आत गेले पाहिजे.

गिरणी म्हणजे एक जागा नव्हे, खात्यांची रांग. कापूस फोडायचे ब्लो रूम, मग कार्डिंग, मग रिंगवर सूत काढायचे खाते, मग वाइंडिंग, रिळिंग, आणि शेवटी कापड विणायचे साळखाते. मागाला मुंबईचा कामगार साचा म्हणे आणि साळखात्यात एकेक माणूस दोन साचे सांभाळी. सर्वांत कौशल्याचे आणि बऱ्याच जास्त पगाराचे काम तेच. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला महार जवान पोरगा गिरणीत शिरला की त्याला रिंग खाते मिळे, ब्लो रूमची धूळ मिळे, झाडू मिळे. साळखात्याचे दार त्याला बंद. कायद्याने नव्हे, मालकाच्या हुकमानेही नव्हे. आत काम करणाऱ्या विणकरांनी ते बंद ठेवले होते. तिथे मराठा-कुणबी होते आणि मदनपुऱ्यातले मोमीन मुसलमान होते.

कारण सांगितले जाई ते धोट्याचे. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात आडव्या सुताची कांडी बसवलेली असते आणि तो ताण्यातून इकडून तिकडे धावत असतो. कांडी काही मिनिटांत संपते. विणकर साचा थांबवतो, धोटा काढतो, रिकामी कांडी फेकून भरलेली बसवतो. आता नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक नेढ्यातून बाहेर यायला हवे. बोटाने ते होत नाही, वेळ जातो. म्हणून विणकर सुताचे टोक आतून नेढ्याशी धरतो, बाहेरून त्यावर ओठ टेकवतो आणि जोराने श्वास आत ओढतो. सूत ओठांत येते, त्याबरोबर थोडा तंतूंचा भुसा, थोडी तेलाची चव. टोक ओढले, धोटा पेटीत ठेवला, साचा चालू. दोन साच्यांवर दिवसातून हे शेकडो वेळा करायचे. लँकेशायरमध्येही असेच चालत असे.

धोटा एकाच्या ओठांना लागणार आणि पाळी बदलली, खाडा झाला, बदली आला की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठांना. तेव्हा ज्याचा स्पर्श विटाळ मानला जातो तो इथे चालणार नाही, असे विणकर म्हणत. वरवर पाहता हे धर्माचे कारण होते. पण ते धर्माच्याही कसोटीला उतरत नव्हते. साळखात्यात मराठ्याच्या शेजारी मोमीन उभा होता. गावाकडे त्या मराठ्याने मुसलमानाच्या तांब्यातले पाणी घेतले नसते. गिरणीत बदली कामगार आज या साच्यावर, उद्या त्या साच्यावर जात असताना कोणाचा धोटा कोणाच्या तोंडाला लागला याचा हिशेब कोण ठेवत होते? दोन धर्मांमधले उष्टे चालून गेले. एकाच धर्मातल्या, खंडोबालाच मानणाऱ्या महाराचे मात्र चालले नाही. पगाराचे खाते आपल्याकडे राहावे, भाऊबंदाला आणि गाववाल्याला तिथे चिकटवता यावे, हा त्यातला मोठा भाग होता असे माझे स्पष्ट मत आहे. विटाळ खोटा होता असे मी म्हणत नाही. तो मनापासून पाळला जात होता. पण तो नेमका तिथे कडक होता जिथे पैसा होता.

हे चालू शकले ते जॉबरमुळे. गिरणीत कामगार मालक भरत नसे, मॅनेजरही नाही. खात्याचा जॉबर सकाळी फाटकावर उभ्या माणसांतून निवड करी. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्याला दस्तुरी देणारा माणूस घेई. वर बसलेल्याला कापड निघाल्याशी मतलब. त्यामुळे महाराला साळखात्यात का नाही असे विचारले तर मालक जॉबरकडे बोट दाखवी, जॉबर विणकरांकडे आणि विणकर रूढीकडे.

धोट्याची सबब संपवणे अशक्य नव्हते. अमेरिकेत नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग १८९० च्या दशकातच आला; त्यात कांडी आपोआप बदलत असे आणि सूत ओवायला तोंड लागत नसे. तोंडाने सूत ओढण्याने क्षयासारखे रोग पसरतात म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये तसल्या धोट्यांना मनाई केली. रोगाच्या भीतीने धोटा बदलता आला. परळ-लालबागच्या गिरण्यांत माणसासाठी तो बदलावा असे कोणाला वाटले नाही, आणि रोगासाठीही नाही.

पाण्याचेही तसेच होते. गिरण्यांतून पिण्याच्या पाण्याची सोय जातवार वेगळी असे आणि अस्पृश्य मानलेल्यांना पाणी घ्यायची जागा निराळी. ही गोष्ट अडाणी कामगारांची होती असे कोणी समजू नये. गिरणगावापासून काही मैलांवर, फोर्टातल्या सिडनहॅम कॉलेजात नोव्हेंबर १९१८ मध्ये अर्थशास्त्राचे नवे प्राध्यापक रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. भीमराव आंबेडकर. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याला त्यांनी हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. हे सहकारी पदवीधर होते, अर्थशास्त्र आणि कायदा शिकवत होते. आदल्या वर्षी बडोद्याच्या नोकरीत शिपाई फायली लांबून टाकत होते, ती आठवण आंबेडकरांच्या मनात ताजी होती. संध्याकाळी ते परतत ते परळच्या पोयबावडीजवळच्या बी.आय.टी. चाळीत. तिथे त्यांच्या आजूबाजूला राहत होते ते गिरणीचेच लोक.

परळची ही काही एकरांची जागा म्हणजे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे एक मोठे पान आहे. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा निघाली ती इथेच, मुरारजी वालजींच्या बंगल्यात. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी वाचनालये, रात्रशाळा सुरू केल्या. त्याच वर्तुळातल्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी आंबेडकरांनी सभा बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. रावबहादूर सीताराम केशव बोले कामगार हितवर्धक सभेचे काम करत आणि १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव त्यांनीच आणला. दादरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या ठरावाच्या आधारावर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. महाडला गेलेल्यांत मुंबईचे लोकही होते. तळ्याचे पाणी पिऊन ते परत आले आणि पुन्हा गिरणीच्या वेगळ्या पाण्यापाशी उभे राहिले.

पुढच्याच वर्षी संप आला. एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेला हा संप ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाख माणसे सहा महिने बिनपगारी. कारण साळखात्यातूनच निघाले होते. मालकांनी काटकसरीची नवी पद्धत आणली. दोनऐवजी तीन साचे एका माणसाला, रिंग खात्यात एकाऐवजी दोन बाजू. म्हणजे तेवढ्या माणसांची नोकरी जाणार आणि उरलेल्यांवर बोजा वाढणार. संप न्याय्य होता. मे महिन्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन निघाली. अर्जुन आत्माराम आळवे अध्यक्ष, आणि श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर हे पुढारी. ना. म. जोशींची जुनी युनियन आणि ही नवी यांची मिळून संयुक्त संप समिती झाली. गिरणगावात अन्नछत्रे चालली, कित्येकजण कोकणात आणि घाटावर गावी निघून गेले.

गावी शेत असलेला कामगार निघून गेला. महार कामगाराला गावी काय होते? वतनाची चार काकऱ्या जमीन आणि येसकरपाळी. तो चाळीतच राहिला आणि त्याच्या घरची चूल आधी विझली. अशा वेळी आंबेडकरांनी विचारलेला प्रश्न तीक्ष्ण होता. विणकराच्या दोन साच्यांसाठी अस्पृश्य कामगारांनी उपाशी राहायचे, आणि संप जिंकल्यावर त्याच साच्याजवळ त्यांना उभेही करायचे नाही? सर्व खात्यांत, साळखात्यातसुद्धा, अस्पृश्य कामगारांना काम मिळाले पाहिजे, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या. नाहीतर आमची माणसे संपात राहणार नाहीत, असे त्यांनी पुढाऱ्यांना बजावले. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ते मान्य केले. मालकांपुढे मागणी गेली तेव्हा मालकांनी त्यांनाच झापले. हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, तुमच्याच लोकांनी केलेला आहे, असे त्यांचे उत्तर होते.

मालकांचे उत्तर खरे होते, आणि तरीही ते पळवाट होते. गिरणी त्यांची होती, फाटक त्यांचे होते, जॉबरला पगार तेच देत होते. काटकसर करायची तेव्हा विणकरांचा विरोध मोडून तीन साचे लादायची त्यांची तयारी होती. एका साच्यावर महाराला उभे करायला मात्र विणकरांचा विरोध त्यांना अनिवार वाटला. आणि लाल बावट्याच्या पुढाऱ्यांबद्दलही लिहायलाच हवे. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. मार्च १९२९ मध्ये ते मेरठ कटाच्या खटल्यात धरले गेले आणि वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले. पण वर्गाची एकजूट मोडेल या भीतीने त्यांनी जो प्रश्न स्वतःहून काढायला हवा होता तो बाहेरून कोणी दटावल्यावर काढला. एकजूट त्या प्रश्नामुळे मोडत नव्हती; ती साळखात्याच्या दारात रोजच मोडलेली होती. संपानंतर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, तिने साचे, दर, शिस्तीचे नियम यांवर लिहिले. एप्रिल १९२९ मध्ये पुन्हा संप पुकारला गेला तेव्हा आंबेडकर उघड विरोधात उभे राहिले. त्यांच्यावर फूट पाडल्याचा आरोप झाला. आदल्या वर्षी काय घडले ते ठाऊक असलेल्याला हा आरोप पटणे कठीण आहे.

महाडच्या सत्याग्रहाच्या संघटनेत पुढे असलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांनी या दोन्ही बाजू एकाच आयुष्यात सांभाळल्या. ते आंबेडकरांचे सहकारी होते आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. पक्षाने अस्पृश्यतेचा प्रश्न कामगारांच्या आर्थिक प्रश्नांच्या मागे ढकलू नये, हे ते पक्षाला शेवटपर्यंत सांगत राहिले.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कामगाराचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांचे गाजलेले म्हणणे याच भाषणातले. पण त्या भाषणाचा मला अधिक मोलाचा वाटणारा भाग त्याच्या तपशिलाचा आहे. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, हे त्यांनी मांडले. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि मास्तरला हा माणूस घरात चालत नाही. गिरणीत साळखाते बंद, रेल्वेत मास्तरचे घर बंद. नोकरीची वरची पायरी कोणाच्या तरी ओठांपाशी किंवा माठापाशी येऊन थांबते, हे त्यांनी एकामागून एक उदाहरणे देऊन दाखवले.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला गिरणगावाने वेगळे दृश्य पाहिले. संपाचा हक्क बांधून टाकणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एका दिवसाचा संप झाला आणि परळच्या कामगार मैदानावर आंबेडकर आणि डांगे एका व्यासपीठावर आले. दहा वर्षांपूर्वी नाइलाजाने एक मागणी यादीत घालणारे पुढारी आता स्वतंत्र मजूर पक्षाच्या ताकदीला बरोबर घेऊन चालत होते. संप मोठा झाला. विधेयक तरीही मंजूर झाले आणि साळखात्यात फारसा फरक पडला नाही. पुढेही कित्येक वर्षे तिथे दलित विणकर तुरळकच दिसत.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. १६ वे कलम नोकरीत धर्म आणि जात यांवरून भेद करायला मनाई करते, पण ती सरकारी नोकरीपुरती; गिरणी खासगी होती. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात धंदा, व्यवसाय, व्यापार करायला आडकाठी करणे हा गुन्हा ठरला. ‘कोणतीही नोकरी’ या अर्थाचे शब्द त्यात घातले गेले ते १९७६ च्या दुरुस्तीने, म्हणजे १९२८ नंतर ४८ वर्षांनी. पाच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगावातले बहुतेक साचे पुन्हा पूर्वीसारखे चाललेच नाहीत.

त्या वेळेपर्यंत गिरणगावातल्या दलित घरांपुढे नोकरी आणि धर्माचा दुसराच पेच उभा होता. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर आंबेडकरांच्या चितेसमोर लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतली घरेच्या घरे बौद्ध झाली. घरातले देव विसर्जित झाले, खंडोबाचे टाकही गेले. पण अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश सांगत होता की या जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे; १९५६ मध्ये त्यात शीखही आले, बौद्ध आले नाहीत. म्हणजे रेल्वे, टपाल, गोदी, आयकर अशा केंद्राच्या नोकरीसाठी राखीव जागेचा अर्ज करणाऱ्या मुलाने धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले की तो राखीव जागेला मुकला. हिंदू महार लिहिले तर बापाने चौपाटीवर घेतलेली दीक्षा कागदावर पुसली गेली. घराघरांत या रकान्यावरून भांडणे झाली. एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर एक धर्म आणि धाकट्याच्या दाखल्यावर दुसरा, असेही झाले. महाराष्ट्राने राज्य स्थापन होताच १९६० मध्ये नवबौद्धांना सवलती दिल्या, त्या राज्याच्या नोकऱ्यांपुरत्या. केंद्राचा आदेश बदलला १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना. चौतीस वर्षे गेली. तोपर्यंत १९५६ मध्ये दीक्षा घेतलेला तरुण निवृत्तीच्या वयाला पोहोचला होता.

त्या आदेशातली धर्माची अट पूर्णपणे गेलेली नाही. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दाखला आजही मिळत नाही. त्यांचा प्रश्न तपासायला केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. मुदत दोन वर्षांची होती. ती संपल्यावर आणखी एक वर्ष वाढवून देण्यात आली.